भट्टीवरची जागा

"लिफ्ट बंद हाय म्हणं," असं म्हणत आबा जिना चढून वर आले आणि प्रयोगशाळेबाहेरच्या बाकावर बसले. बसले म्हणजे आधी भिंतीला हात टेकला, मग अंग सोडून दिलं. मी पाणी आणायला वळले, तर त्यांनी हातानंच मला थांबवलं. थोडा वेळ त्यांना बोलताच येईना. छातीतून बारीक शिट्टीसारखा आवाज येत होता आणि तो मला ऐकू येऊ नये म्हणून ते मधूनमधून उगाच खाकरत होते.

"आबा, डॉक्टरला दाखवलंत का?"

"दाखीवलं की. हवा बदलली म्हणला. गावची थंडी आन् तिकडचा दमटपणा, सोसत न्हाई आता." मग पिशवीतून त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळलेला डबा काढला. "आईनं तुझ्यासाठी जत्रंतला नैवेद्य दिलाय. पुरणपोळ्या हायेत. मऊ हायेत तवर खा."

तेव्हा मी पुण्यात पीएच.डी. करत होते. आमचं गाव विट्याच्या बाजूचं, माळरानातलं. आमच्या भागातली निम्मी माणसं गलाईच्या धंद्यात देशभर पांगलेली असतात. गलाई म्हणजे सोनं गाळून शुद्ध करणं. सोनार जुने दागिने, कणी, कानशीचा चुरा घेऊन येतात. गलाईवाला ते मुशीत वितळवतो, तेजाबात उकळतो आणि चोख सोनं वेगळं काढून देतो. आबा मिसरूड फुटायच्या आत एका चुलत्याबरोबर केरळात त्रिशूरला गेले आणि तिथंच त्यांनी स्वतःचं दुकान टाकलं. माझा धाकटा भाऊ प्रवीण कॉलेज अर्धवट सोडून त्यांच्या हाताखाली गेला होता. गेल्या वर्ष-दीड वर्षापासून भट्टीवर तोच बसायचा आणि आबा बाहेर वजनकाट्यापाशी गिऱ्हाइकं बघायचे; पण धूर पडद्याआडून तिथंही यायचा. आई आणि प्रवीणची बायको अश्विनीही तिथंच राहायच्या; वर्षातून एकदा, गावच्या जत्रेला सगळी घरी यायची. त्या वर्षी परत जाताना आबांनी वाट वाकडी करून पुण्याला यावं, असा हट्ट मी धरला होता. बाकीची मंडळी थेट गेली आणि आबा एकटे माझ्याकडे आले.

हट्टाला कारण होतं. आबांना सारखा ताप यायचा. जुनं सोनं जास्त गाळलं की रात्री थंडी वाजून ताप, दोन दिवसांनी बरं वाटायचं, की पुन्हा तेच. तिकडची आमची सगळी माणसं त्याला भट्टीचा ताप म्हणायची आणि दूध-गूळ खाऊन झोपून राहायची. अलीकडे तापाबरोबर खोकला आला, मग न्यूमोनिया झाला, तो बरा होतोय तोवर परत झाला. फोनवर मी सांगून सांगून थकले होते. "आबा, तो धूर आहे ना, त्यात विष असतं." ते म्हणायचे, "आगं, जगातल्या सगळ्याच धुरात असतंय. चुलीच्या न्हाई का?" म्हणून मी ठरवलं होतं, आता सांगायचं नाही. दाखवायचं.

सामंत मॅडमना, म्हणजे माझ्या मार्गदर्शकांना, मी आधीच विचारून ठेवलं होतं. त्यांनी आबांना नमस्कार केला, बसायला आपली स्वतःची खुर्ची दिली आणि "तुमची मुलगी फार चिवट आहे कामाला," असं म्हणून त्या शेजारच्या खोलीत निघून गेल्या. आबांनी चपला दाराबाहेर काढल्या होत्या. मी नको म्हटलं तरी त्या त्यांनी पुन्हा घातल्या नाहीत.

मी सूक्ष्मदर्शकाखाली पहिली बशी ठेवली. "एक डोळा मिटू नका. दोन्ही उघडे ठेवून बघा."

बराच वेळ त्यांना काही दिसेना. मग एकदम म्हणाले, "आलं, आलं! माशाच्या अंड्यावानी काय तरी हाय. न्हाई, पाय फुटल्यावानी दिसतंय."

"त्या रक्षक पेशी आहेत. उंदराच्या अंगातल्या. आपल्याही अंगात अशाच असतात, रक्तात, फुफ्फुसात. बाहेरून रोगाचे जंतू आले की ह्या त्यांना पकडून खातात. पाय फुटलेत ना, ते पकडायलाच."

"बरं." त्यांना ते आवडलं असावं. चाक कसं फिरवायचं ते विचारून घेतलं आणि स्वतःच इकडून तिकडे बघत राहिले. "झ्याक हायेत की. गुबगुबीत."

मग मी दुसरी बशी ठेवली. ते वाकले.

"ह्या मेल्या व्हय?"

"मरतायत. काही मेल्या."

"फुटल्या न्हाईत पर."

"नाही, फुटत नाहीत. तेच बघायचं." मी शेजारी उभी राहून सांगत होते. "पेशी फुटली तर तिच्या आतलं सगळं बाहेर सांडतं आणि आजूबाजूच्या चांगल्या पेशींनाही इजा होते. म्हणून तिच्या आत एक व्यवस्था असते. विष सहन होईना झालं, आता आपण सावरत नाही असं झालं, की ती स्वतःच स्वतःला मोडायला घेते. आधी आक्रसते. पाय आत ओढून घेते. मग आतलं सामान तुकडे तुकडे करून बारीक पुड्या बांधते. त्या पुड्या शेजारच्या पेशी गिळून टाकतात. मागं काही सांडत नाही."

आबा डोळा न काढता ऐकत होते. "शहाणी जात दिसतीया," ते हळूच म्हणाले.

"शहाणी आहे, पण शेवटी मरतेच ना. थोड्या मेल्या तर चालतं, रोजच थोड्या मरतात. पण विष सारखं येत राहिलं की राखणीला कुणी उरत नाही. मग साधा सर्दीचा जंतू आला तरी त्याला अडवणारं कोण? ताप येतो, छाती भरते, बरं व्हायला वेळ लागतो."

एवढं सांगून मी थांबले. मला वाटलं, आता ते विचारतील. त्यांनी विचारलंच.

"काय घातलंयस ह्यांच्यात?"

"कॅडमियम."

त्यांनी मान वर केली. ते नाव त्यांना माझ्यापेक्षा जास्त ओळखीचं होतं. दागिन्याचे जोड बसवायला सोनार सोन्यात कॅडमियम मिसळायचे. बाजारात अशा दागिन्यांना केडीएम म्हणतात. त्रिशूरच्या त्या गल्लीत गाळायला येणाऱ्या जुन्या दागिन्यांत हे भरपूर असायचं. सोनं वितळायच्या आधीच ते उडून जातं आणि मुशीच्या तोंडावर तपकिरी पिवळा धूर धरतो. तो धूर आबांनी अख्खा जन्म बघितला होता.

"किती घातलंस?"

"थोडंसंच. डोळ्यांना दिसणारही नाही एवढं."

ते पुन्हा वाकले. आता पहिल्यासारखं इकडेतिकडे फिरवत नव्हते, एकाच जागी बघत होते. जरा वेळानं त्यांनी एक प्रश्न विचारला.

"ह्यात म्हातारी आधी मरती, का कोवळी?"

मला प्रश्न ऐकून बरं वाटलं. माझ्या कामाचा तोच तर भाग होता. "कोवळी. नुकत्या तयार होणाऱ्या, अजून पुऱ्या न पिकलेल्या पेशी असतात ना, त्यांना हे फार लवकर लागतं. जुन्या त्या मानानं दम धरतात."

"कोवळ्यास्नी जास्त."

"हो."

"हं," म्हणून त्यांनी डोळे पुसले. खूप वेळ बघितलं की पाणी येतंच डोळ्यांना.

त्या संध्याकाळी मी त्यांना गाडीत बसवून दिलं. भट्टीचं, धुराचं मी मुद्दामच काही बोलले नाही. त्यांचं त्यांना उमगू दे, असं मला वाटत होतं. खिडकीतून ते म्हणाले, "बरं केलंस दाखीवलंस ते." मी खोलीवर परत येताना आनंदात होते. इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझं शिक्षण आबांच्या उपयोगी पडलं, असं काहीसं मनात येत होतं.

महिनाभर गेला असेल. एका दुपारी प्रवीणचा फोन आला. नेहमी तो हसत बोलायचा, त्या दिवशी आवाज वेगळाच होता.

"आक्का, तू आबांना काय सांगितलंस का माझ्याबद्दल?"

"मी? तुझ्याबद्दल काय सांगू?"

"मग ह्यांना झालंय काय? पुण्याहून आले ते दुसऱ्या दिवशी मला भट्टीवरनं उठवलं. म्हणले, तू बाहेर काट्यावर बस, आत यायचं न्हाई. मी म्हणलं, का? तर म्हणले, सांगतोय तेवढं कर. गिऱ्हाइकांच्या देखत म्हणले, आक्का. आता पडदा लावून आत एकटेच बसतात. दाराला कडी घालतात. कडी! मी आत गेलो तर अंगावर येतात."

"अरे, पण ते स्वतः बसतात? त्यांना तर…"

"खोकून खोकून जीव जायची पाळी येते, पण उठत न्हाईत. गल्लीत काय बोलतात ठाऊक आहे का तुला? पोरानं मुशीतलं सोनं मारलं, म्हणून बापानं उठवलं. त्या वेलायुधन सोनारानं मला तोंडावर विचारलं, काय घोटाळा केलास म्हणून. मी एक गुंज इकडची तिकडं केली नाही कधी. आईच्यान. माझ्यावर भरवसा नसंल तर तसं सांगावं. कोलकात्याला मामाचं दुकान आहे, मी अश्विनीला घेऊन तिकडं जातो."

मी त्याला समजावलं, थांब म्हटलं. मलाही काही कळत नव्हतं. मी आबांना फोन केला तर म्हणाले, "तुझं अभ्यासाचं बघ. दुकानातलं मी बघतो," आणि ठेवून दिला. मग आईचा फोन आला. आई फोनवर कधी रडत नाही. त्या दिवशीही रडली नाही. "दोघं एका ताटाला बसत न्हाईत जयू. एक जेवून उठला की मग दुसरा येतोय. आश्विनीला दिवस गेलेत, आन् घरात ह्ये असं. तुझ्या बाला रातच्याला बसून झोपावं लागतंय, आडवं झालं की धाप लागती. तू ये. तुझं ऐकतील."

मी गेले. सामंत मॅडमनी काही न विचारता रजा दिली.

त्रिशूरच्या त्या गल्लीत सकाळपासूनच तेजाबाचा घशाला झोंबणारा वास असतो. दोन्ही बाजूंना सोनारांची छोटी दुकानं, वर लाकडी माळे, आणि मधूनमधून आमच्याकडच्या माणसांच्या गलाईच्या खोल्या. प्रवीण बाहेर काट्यामागं बसला होता. मला बघून उठला, बॅग घेतली, पण हसला नाही. आत पडद्यामागून खोकल्याचा आवाज येत होता.

मी दारावर थाप मारली. "आबा, मी जयू."

आत जरा शांत झालं. मग कडी निघाली.

महिन्याभरातच त्यांच्या गालाची हाडं वर आली होती. तोंडाला ओला पंचा बांधलेला. खोली म्हणजे बोळच होता, भट्टी, तेजाबाचं भांडं, एक पाट आणि वर हाताएवढा झरोका. पंखा नव्हता, पंख्यानं सोन्याची धूळ उडते म्हणून कुणीच लावत नसे.

"तू कशाला आलीस? आन् आत कशाला आलीस? हो बाहेर, मी येतो."

"इथंच बोलायचं मला. प्रवीणला का उठवलंत?"

"दुकान माझं हाय."

"तो घर सोडून चाललाय. लोक त्याला चोर म्हणतायत. तुम्हाला ठाऊक तरी आहे का?"

आबांनी चिमटा खाली ठेवला. "लोक म्हणत्यात म्हंजे? कोण म्हणतंय?"

"सगळी गल्ली. आणि त्यालाही तसंच वाटतंय, की तुमचा त्याच्यावर संशय आहे."

"संशय?" त्यांनी पंचा खाली ओढला. त्यांचं तोंड एवढंसं झालं होतं. "माझ्या पोरावर मी संशय घीन? आगं, त्यानं सगळी भट्टी इकून खाल्ली तरी मी इचारणार न्हाई त्याला."

"मग सांगत का नाही त्याला काय झालंय ते?"

ते भट्टीकडे बघत राहिले. निळी ज्योत सुरू होती, मुशीत कुणाच्या तरी तोडलेल्या बांगड्या आणि साखळ्या पडल्या होत्या, अजून रंग धरायच्या होत्या.

"सांगितलं तर त्यो मला बसू देईल व्हय?" शेवटी ते म्हणाले. "तुझ्यावानीच हाय त्यो. म्हणंल, मग तुमी पण नका बसू. मग बसायचं कुणी? दुकान बंद करायचं? तूच म्हणालीस ना, कोवळ्यास्नी आधी लागतंय. म्हाताऱ्या दम धरत्यात. मी आता जून झालो जयू. माझ्यातलं जायाचं ते गेलंय. त्याचं अजून सगळं कोरं हाय. उद्या त्याचं लेकरू येईल. मी तुझ्या त्या यंत्रात बघितलं तवाच ठरीवलं. घरी जायाचं आन् त्याला हितनं उठवायचं."

प्रयोगशाळेत मी किती आनंदानं उत्तर दिलं होतं, ते मला आठवलं. त्यांनी विचारलेल्या त्या एका प्रश्नात प्रवीण होता आणि मला तो दिसला नव्हता.

"आबा," मी म्हटलं, "ऐका माझं. पेशी कोवळी म्हणजे माणूस कोवळा, असं नसतं. तुमच्या हाडांच्या आत, आत्ता, ह्या घडीला, नव्या पेशी तयार होतायत. रोज होतात. माणूस ऐंशीचा झाला तरी होतात. कालच्या मेल्या की आज दुसऱ्या येतात."

"माझ्यात?"

"तुमच्यातच. त्या कोवळ्याच असतात. तुम्ही ह्या पाटावर बसलात, की त्यांनाही घेऊन बसता. म्हणून तर तुमचा ताप जात नाही. त्या तयार होतात आणि इथं येऊन मरतात."

त्यांनी आपल्या मनगटाकडे बघितलं, मग तळव्याकडे. जणू तिथं काही दिसणार होतं. "मला वाटलं, आता सगळं जुनंच हाय आत," ते म्हणाले. मग मान हलवली. "आसंल. तू शिकलेली हायस, खोटं न्हाई सांगणार. पर त्यो हितं बसायचा न्हाई. तेवढं सोडून बोल."

"आबा."

हा आवाज माझा नव्हता. पडदा बाजूला करून प्रवीण उभा होता. केव्हापासून होता कुणास ठाऊक. कडी मी आत येताना लावलीच नव्हती.

"तू बाहीर हो," आबा ओरडले. "आता धूर धरंल. हो बाहीर!"

प्रवीण आत आला. आबांच्या शेजारी, भट्टीच्या अगदी पुढ्यात, फरशीवर मांडी घालून बसला. आबांच्या खांद्याला त्याचा खांदा लागत होता.

"ऊठ म्हणतो ना!"

"नाही उठत."

"प्रवीण, ऐक. ह्ये केडीएमचं हाय सगळं. आत्ता चढंल."

"चढू दे. तुम्हाला चालतं ना? मग मला पण चालतं."

आबांनी त्याला दंडाला धरून ढकललं. तो हलला नाही. अंगात ताकद होतीच कुठं आता त्यांच्या. खोकल्याची उबळ आली, ती थांबवत त्यांनी माझ्याकडे बघितलं. "जयू, उठीव त्याला. सांग त्याला. तू सांग."

मी काहीच बोलले नाही. मला बोलायचं नव्हतं.

मुशीच्या कडेला पहिला तपकिरी झाक असलेला धूर दिसला. दोऱ्याएवढाच. तो वर गेला, झरोक्याकडे न जाता खोलीतच वळला. प्रवीणनं मुद्दाम मान पुढं केली.

आबांनी झटक्यात हात लांब केला आणि गॅसची कळ फिरवली.

ज्योत गेली. भट्टीला वारा देणारा ब्लोअर थांबला. एवढी वर्षं मी त्या खोलीत जा-ये केली होती, पण ती इतकी शांत कधी अनुभवली नव्हती. मुशीत अर्धवट वितळलेल्या बांगड्या तशाच काळवंडून बसल्या. गलाईवाला एकदा मूस तापायला लागली की मधे भट्टी विझवत नाही. गिऱ्हाइकाचा माल आत असतो. आबांनी ते कधी केलं नव्हतं. प्रवीण त्या मुशीकडे बघतच राहिला.

मग आबांनी दोन्ही हातांनी त्याचं डोकं धरून जवळ ओढलं, लहानपणी केस पुसायचे तसं. "येड्या," ते म्हणाले. "येडं हायस तू. सोनं मारलंस म्हणून उठीवलं वाटलं तुला?"

प्रवीणनं नुसती मान डोलावली.

"आरं, सोनं काय, परत मिळतंय."

आम्ही तिघं बाहेर आलो तेव्हा ज्याचा माल होता तो वेलायुधन दारात उभा होता. आमच्या आईच्या हातचा चहा पिणारा, गल्लीतला जुना सोनार. त्यानं आबांच्या डोळ्यांकडे, मग प्रवीणकडे बघितलं आणि आवाज खाली आणून त्यांच्या भाषेत विचारलं, आज होणार नाही का?

"इन्न् इल्ला," आबा म्हणाले. आज नाही.

"नाळे?" उद्या?

आबा कट्ट्यावर बसले. प्रवीणच्या पाठीवर त्यांचा हात होता. "नाळेयुम् इल्ला," ते म्हणाले. उद्याही नाही. आणि मग प्रवीणच्या पाठीवर थोपटत, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं, त्या दोन भाषा मिसळलेल्या आपल्या मल्याळममध्ये त्यांनी वेलायुधनला सांगितलं, की माझ्या पोरासारखा सचोटीचा गलाईवाला ह्या गल्लीत दुसरा नाही, आणि तो भट्टीवर का बसत नव्हता ते मी तुला उद्या चहा पिताना सांगतो.

दुकान पुढं बरेच दिवस बंद राहिलं. ते दिवस सोपे नव्हते. बरीच गिऱ्हाइकं शेजारी गेली, त्यातली काही परत आलीच नाहीत. मी पुण्याला परतल्यावर सामंत मॅडमनी त्यांच्या ओळखीच्या एका इंजिनियरशी गाठ घालून दिली. त्याच्या सल्ल्यानं प्रवीणनं मागच्या अंगणात भट्टीसाठी वेगळी खोली बांधली. भट्टीवर पत्र्याचं मोठं नरसाळं, त्याला धूर ओढून घेणारा पंखा, आणि धूर पाण्यातून धुऊन बाहेर सोडणारी टाकी. आधी गल्लीतले लोक हसले. मग एकेक जण बघून गेला. पुढच्या काही वर्षांत आमच्याकडच्या बऱ्याच जणांनी तसं करून घेतलं. सगळ्यांनी नाही.

प्रवीणच्या तपासण्या करून घेतल्या. त्याचं बरं होतं. त्याला मुलगी झाली. आबांचा वारंवार येणारा ताप काही महिन्यांत थांबला; माझ्या आईला त्याचंच अप्रूप वाटायचं. पण फुफ्फुसांचं जे गेलं होतं ते काही परत आलं नाही, आणि तसं होणार नाही हे मी त्यांना स्पष्ट सांगितलं होतं. ते पुन्हा भट्टीवर बसले नाहीत. गावी येऊन राहिले. आणखी काही वर्षं मिळाली त्यांना. नातीला ओसरीवर बसवून ते तिला सोन्याच्या कसोटीच्या गोष्टी सांगायचे, वाक्याच्या मधे श्वास घेत घेत.

शेवटच्या वर्षी मी सुट्टीला गेले होते. सकाळचं ऊन घेत आम्ही दोघं अंगणात बसलो होतो. मनात बऱ्याच दिवसांपासून होतं ते मी विचारलं.

"आबा, त्या दिवशी प्रवीण तुमच्या सांगण्यावरनं उठला असता, तर? तुम्ही बसूनच राहिला असता ना?"

"ऱ्हायलो असतो की," ते लगेच म्हणाले.

"मी एवढं सांगूनसुद्धा?"

"तुझं पटलं हुतं मला. पर ऱ्हायलो असतो."

त्यांनी दम घेतला. माझ्याकडे बघून हसले.

"तुझी आई म्हणायची, पोरगं तुमच्यावर गेलंय, कुणाचं म्हणून ऐकत न्हाई. मला राग यायचा." थोडं थांबून ते पुढं म्हणाले, "त्या दिवशी न्हाई आला बघ."